सकाळी उडणारा कप आणि फिट ओळखणारं घड्याळ

पत्र

माझा मुलगा १८ वर्षांचा आहे. दहावीच्या वर्षापासून त्याला फिट्स येतात. गेल्या वर्षभरात चार मोठ्या फिट्स आल्या, चारही पहाटे नाहीतर सकाळी उठल्यावर थोड्या वेळात. गोळ्या चालू आहेत, पहिल्यांदा दाखवलं होतं तीच चिठ्ठी पुढे चालवतोय. मी त्याच्या खोलीच्या दाराशी गादी टाकून झोपते. जरा खुट्ट झालं की उठून बघते. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, त्यांची रात्रपाळी असली की माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. आता मुलाला पुण्यात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळतोय, हॉस्टेलला राहावं लागेल. माझा भाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, फिट आली की आपोआप फोन करणारं घड्याळ मिळतं, पाठवतो. इकडे मोबाइलवर एका बँडची जाहिरात आली, ‘फिट येण्याच्या अर्धा तास आधी सूचना’, किंमत सात हजार. यातलं काय घ्यावं? मुलगा म्हणतो, मी पेशंट म्हणून हॉस्टेलला जाणार नाही, हाताला काही बांधणार नाही. तो ढोल पथकात आहे, गणपतीच्या आधी रात्री उशिरापर्यंत सराव चालतो. मग सकाळी आळसावलेला असतो, हातातून चहाचा कप उडतो, त्यावरून वडिलांची बोलणी खातो. फिट आली की सासूबाई कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात. मला एवढंच सांगा, घड्याळ घेतलं तर मी रात्री झोपू शकेन का?

— एक आई, सिडको, नाशिक

उत्तर

ताई,

घड्याळाबद्दल सविस्तर सांगते. पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती कपाची ओळ, आणि ती तुम्ही बोलता बोलता लिहून गेलात. म्हणून आधी तिच्याबद्दल.

सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात हात किंवा खांदे अचानक हिसका देतात. हातातला कप, ब्रश, कंगवा उडून पडतो. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, त्यामुळे घरात कुणाला हा आजाराचा भाग वाटत नाही. वेंधळेपणा वाटतो, नाहीतर झोप झाली नाही म्हणून सोडून दिलं जातं. डॉक्टर या हिसक्यांना मायोक्लोनिक जर्क म्हणतात. वयात येण्याच्या सुमारास सुरू होणारा अपस्माराचा, म्हणजे फिट्सच्या आजाराचा, एक प्रकार आहे, ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. त्यात सकाळचे हिसके असतात, मोठी फिट बहुधा उठल्यानंतर थोड्या वेळात येते, आणि जागरण झालं की दोन्ही वाढतात. तुमच्या मुलाला हाच प्रकार आहे असं मी म्हणणार नाही, ते न्यूरोलॉजिस्टने तपासून ठरवायचं. पण दहावीचं वय, सकाळची वेळ, सरावाची जागरणं आणि उडणारा कप या चार गोष्टी एकाच पत्रात आल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

कपाची गोष्ट डॉक्टरांना सांगितली आहे का? पत्रावरून तरी सांगितलेली दिसत नाही. त्यावर बरंच काही अवलंबून आहे. फिट्सच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन, अपस्माराच्या इतर प्रकारांत उत्तम काम करतात, पण हिसक्यांच्या या प्रकारात त्या हिसके वाढवू शकतात. उलट योग्य औषध मिळालं, तर या प्रकारातल्या बहुतेकांच्या फिट्स आटोक्यात येतात. चिठ्ठीवर यातलं एखादं नाव दिसलं तरी गोळी स्वतःहून बंद करू नका, एक दिवसही नको. अचानक थांबवलेल्या गोळीने लागोपाठ मोठ्या फिट्स येऊ शकतात. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पहिलं वाक्य कपाचं बोला. जमलं तर एखाद्या सकाळी ते हिसके मोबाइलवर टिपून ठेवा. दोन मिनिटांचा व्हिडिओ डॉक्टरांना तुमच्या-माझ्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत संकेतांचा आलेख, जुना असेल तर तो पुन्हा काढायचा का, झोपेतला काढायचा का, हेही विचारा. नाशिकमध्ये ईईजी होतो. दुसरं मत घ्यायला मुंबईला जावंसं वाटलं, तर त्यासाठी मुलाची झोप मोडून पहाटे स्टेशन गाठू नका, आदल्या दिवशी जा.

आणखी एक. ज्यांना असे हिसके येतात, त्यांच्यातल्या काहींच्या बाबतीत ते एकामागून एक वाढत जातात आणि मग मोठी फिट येते. म्हणजे जाहिरातीतला बँड जी सूचना सात हजारांत देऊ म्हणतो, ती कदाचित तुमच्या स्वयंपाकघरात मिळत असेल. ज्या सकाळी हिसके जास्त असतील, त्या सकाळी त्याने खाली बसावं. गॅसजवळ जाऊ नये, अंघोळ थोडी उशिरा करावी, जिना उतरू नये. आणि वडिलांना सांगा, कप फुटला तर ओरडू नका, तारीख लिहून ठेवा.

आता यंत्रांकडे वळते. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातवाले त्या मुद्दाम एकमेकींत मिसळतात. एक, सुरू झालेली फिट ओळखणं. दुसरी, फिट येण्याआधी सांगणं. पहिली गोष्ट आज बऱ्यापैकी जमते. दुसरी अजून संशोधनात आहे.

तुमचे भाऊ म्हणतात ते घड्याळ पहिल्या प्रकारचं. मोठ्या फिटमध्ये हातापायांना एका ठरावीक लयीत झटके बसतात, ते घड्याळातला हालचालीचा सेन्सर टिपतो. त्याच वेळी शरीरात घामाच्या ग्रंथी एकदम जाग्या होतात, त्वचेची वीज वाहून नेण्याची क्षमता बदलते. काही उपकरणं तेही मोजतात. दोन्ही खुणा जुळल्या की घड्याळ ब्लूटूथने फोनला कळवतं आणि फोन तुम्ही दिलेल्या नंबरांवर कॉल किंवा मेसेज पाठवतो. एम्पॅटिका कंपनीच्या एम्ब्रेस या मनगटी उपकरणाला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१८ साली मोठ्यांसाठी आणि २०१९ साली सहा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी मान्यता दिली. नेदरलँड्समधलं नाइटवॉच दंडावर बांधतात. ते झोपेत हृदयाचे ठोके आणि हालचाल दोन्ही बघतं. गादीखाली ठेवायचे सेन्सरही असतात.

२०२१ साली अपस्मारावर काम करणाऱ्या आयएलएई या जागतिक संघटनेने आणि क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजीच्या (मेंदू-मज्जातंतूंच्या विद्युत तपासण्यांच्या) आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून या उपकरणांविषयी मार्गदर्शन जाहीर केलं. त्याचा सारांश असा, की पूर्ण अंगाला झटके येणाऱ्या मोठ्या फिटसाठी ही उपकरणं वापरावीत, विशेषतः रुग्णावर कुणाची नजर नसेल आणि अलार्म वाजल्यावर कुणी लगेच पोहोचू शकत असेल तेव्हा. इतर प्रकारच्या फिट्ससाठी त्यांची शिफारस केलेली नाही. क्षणभर हरवल्यासारखं होणं, एका हाताची चाळवाचाळव, सकाळचा हिसका, यांतलं काही घड्याळाला भरवशाने कळत नाही. तुमच्या मुलाच्या कपाची बातमी कोणतंही घड्याळ देणार नाही.

त्या शिफारशीतला शेवटचा भाग माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा आहे: कुणी लगेच पोहोचू शकत असेल तेव्हा. पुण्याच्या हॉस्टेलमध्ये पहाटे पाचला घड्याळाने फिट ओळखली आणि सिडकोत तुमचा फोन वाजला, तर तुम्ही काय करणार? दोनशे किलोमीटरवरून हाका मारणार? घड्याळात पहिला नंबर त्याच्या खोलीत झोपणाऱ्या मुलाचा हवा, दुसरा शेजारच्या खोलीतल्याचा, तिसरा हॉस्टेलच्या वॉर्डनचा, आणि त्यानंतर तुमचा. तुमच्या मनाला हे बोचेल, मला कळतंय. पण जवळ असणारा आधी, मग जिवलग, हाच क्रम त्याच्या कामाचा आहे. असा जवळचा माणूस ठरला नसेल, तर महागातलं महाग घड्याळही फक्त तुमची घालमेल वाढवेल.

खोट्या अलार्मची तयारी ठेवा. लयीत हलणारा हात म्हणजे फिट, असा या सेन्सरचा अर्धा हिशेब असतो. दात घासताना, टाळ्या वाजवताना काही उपकरणं फसतात. तुमचा मुलगा तर नाशिक ढोल वाजवणारा! सरावाला जाताना ते काढून ठेवायचं किंवा अलार्म तेवढ्यापुरता थांबवायचा, आणि परत आल्यावर आठवणीने पुन्हा चालू करायचा. चार वेळा उगाच फोन गेला की पाचव्या वेळी रूममेट उठत नाही, आणि त्यात त्याचाही दोष नाही. म्हणून पहिला महिनाभर ते घरी, तुमच्या नजरेखाली वापरून बघा. उगाच किती वेळा वाजतं ते तेव्हाच कळेल.

साध्या स्मार्टवॉचचंही सांगून टाकते, कारण ‘माझ्या घड्याळात पडल्याचं कळतं’ असं कुणीतरी म्हणेलच. ती सोय उभ्याने जोरात आपटल्यावर कळवण्यासाठी आहे. अंथरुणात पडल्या पडल्या आलेली फिट तिला कळत नाही.

आता तो अर्धा तास आधीचा दावा. मनगटावर बांधून फिट येण्याआधी भरवशाने सांगणारं, वैद्यकीय मान्यता मिळालेलं उपकरण आज बाजारात नाही. तो बँड घेऊ नका.

पण यामागचं संशोधन खरं आहे आणि मला त्याबद्दल फार आशा वाटते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला १५ जणांच्या मेंदूवर, कवटीच्या आत, इलेक्ट्रोड बसवून मेंदूचे विद्युत संकेत महिनोन्‌महिने नोंदवले गेले. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येकाकडे एक छोटं यंत्र होतं. लाल दिवा म्हणजे फिटची शक्यता जास्त, पांढरा म्हणजे मध्यम, निळा म्हणजे कमी. काही जणांना त्याचा चांगला उपयोग झाला, काहींच्या बाबतीत गणित जुळलंच नाही. त्यातून आणखी एक गोष्ट समोर आली: लोकांनी डायरीत लिहिलेल्या फिट्स आणि यंत्राने नोंदवलेल्या फिट्स यांचा मेळ बसत नव्हता. पुढे हे यंत्र बनवणारी कंपनी पैशाअभावी बंद पडली. पण मेंदू आधी काहीतरी सांगतो आणि ते ऐकता येतं, एवढं त्या १५ जणांनी दाखवून दिलं.

त्यानंतरच्या वर्षांत ज्यांच्या डोक्यात अशी उपकरणं कायमची बसवलेली आहेत, त्यांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. बऱ्याच जणांच्या बाबतीत फिट्सचा धोका दिवसांच्या आणि आठवड्यांच्या चक्रात वरखाली होतो असं दिसलं. अनेकांत ते चक्र २० ते ३० दिवसांचं होतं, आणि ते स्त्रियांत होतं तसंच पुरुषांतही. म्हणून संशोधक आता ‘अमुक वाजता फिट येईल’ असं सांगण्याच्या मागे कमी लागतात आणि ‘आज धोका जास्त आहे’ असा अंदाज देण्यावर भर देतात. दिंडोरी-निफाडचा द्राक्ष बागायतदार पावसाचा अंदाज बघतो तसंच हे. आपल्याच बागेवर किती वाजता सरी येतील हे त्याला कुणी सांगत नाही, पण शक्यता वाढली म्हटल्यावर तो फवारणीचं ठरवतो. तुमच्या मुलानेही धोक्याच्या दिवशी रात्री लवकर झोपावं, गोळी चुकवू नये, पोहायला जाऊ नये, एवढं ठरवता आलं तरी ते पुष्कळ आहे.

हा अंदाज यंत्राशिवायही थोडाफार बांधता येतो. त्याच्याच फोनमध्ये, त्याच्याच हाताने नोंद ठेवायची: फिट कधी आली, आदल्या रात्री किती झोप झाली, गोळी चुकली होती का, ताप होता का, सकाळी हिसके किती. तीन-चार महिन्यांत काही जुळताना दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. माझा अंदाज विचाराल, तर त्याच्या नोंदीत सरावाच्या रात्री ठळक दिसतील. ढोल सोडायला लावू नका. पथकाच्या प्रमुखांशी बोलून त्याला लवकर घरी सोडण्याची व्यवस्था करा.

मेंदूत बसवून फिट सुरू होतानाच ओळखणारी आणि तिथल्या तिथे विजेचा हलका स्पंद देऊन ती थोपवणारी उपकरणंही आहेत. अशा एका उपकरणाला, आरएनएसला, अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली. अशी उपकरणं दोन योग्य औषधं नीट घेऊनही ज्यांच्या फिट्स थांबत नाहीत अशांसाठी. तुमचा मुलगा अजून पहिल्याच चिठ्ठीवर आहे, त्याची वेळ त्या वळणावर येऊही नये.

आता तुमचा खरा प्रश्न, रात्रीचा. तुम्ही स्पष्ट लिहिलं नाही, पण झोपेत काही बरंवाईट झालं तर, ही भीती त्या गादीखाली आहे. ती निराधार आहे असं मी सांगणार नाही. अपस्मारात अचानक मृत्यू होतात, बरेचदा रात्री, मोठ्या फिटनंतर, अनेकदा माणूस पालथा पडलेला सापडतो. मोठ्या माणसांत हे प्रमाण वर्षाला साधारण हजारात एक आहे. म्हणजे हजारातले ९९९ सुखरूप असतात. आणि हा धोका सगळ्यांना सारखा नसतो: मोठ्या फिट्स जितक्या जास्त, तितका तो जास्त, आणि फिट्स थांबल्या की तो खूपच खाली येतो. घड्याळामुळे असे मृत्यू टळतात हे अजून सिद्ध झालेलं नाही. मात्र फिटनंतर कुणी पटकन येऊन कुशीवर वळवलं, हाक मारली, जागं केलं, तर श्वास सुधारायला मदत होते, म्हणून अलार्मला अर्थ आहे. पण सर्वांत मोठं संरक्षण योग्य औषधाचं आणि न चुकलेल्या गोळीचं आहे. घड्याळाचा नंबर त्याच्या मागून लागतो. म्हणूनच मी कपापासून सुरुवात केली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: घरी असताना घड्याळ लावलं, महिनाभर पारखलं, तर हो, तुम्ही तुमच्या पलंगावर झोपायला जा. दाराशी वर्षानुवर्षं अर्धवट झोपलेली आई दिवसा कशी वागते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मिस्टरांची दिवसपाळी असेल तेव्हा अलार्मचा फोन त्यांच्या उशाशी ठेवा. आळीपाळीने जागायचं, एकटीने नाही.

फिट आली की काय करायचं हे सासूबाईंनाही बसवून सांगा, चिडून नको. कांदा आपल्या जिल्ह्याचं सोनं आहे, पण फिटवर त्याचा काही उपयोग नाही. चप्पल, किल्ली यांचाही नाही. फिट आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. करायचं एवढंच: घड्याळात वेळ बघा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, आजूबाजूचं कठीण सामान बाजूला करा, कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध न येता दुसरी सुरू झाली किंवा डोक्याला मार लागला तर १०८ ला फोन करा. अशा वेळी नाकात मारायचा मिडाझोलाम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा स्प्रे भारतात मिळतो. तो मुलासाठी योग्य आहे का, किती मात्रा, कधी मारायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पुण्याला त्याच्या बॅगेत द्या.

मुलगा ‘पेशंट म्हणून जाणार नाही’ म्हणतो, ते मला पटतं. घड्याळ बांधायचं की नाही हे त्याचं मत आहे आणि जबरदस्तीने बांधलेलं घड्याळ पुण्याला पोहोचताच कपाटात जाईल. त्याला निवड द्या. फक्त झोपताना बांधायचं, कॉलेजात नाही, असं चालतं. त्याच्या फिट्सच्या वेळा बघता तेच उपयोगाचं आहे. नंबर कुणाचे, घड्याळाने त्याचा ठावठिकाणा तुम्हाला सांगायचा की नाही, हे त्याने ठरवू द्या. रूममेटला काय आणि किती सांगायचं तेही त्यानेच, आपल्या शब्दांत. दुचाकीचा विषय मात्र त्याच्या मर्जीवर सोडू नका. लायसन्सच्या अर्जात अपस्माराबद्दल थेट विचारलेलं असतं आणि खोटं लिहून गाडी चालवणं त्याच्या आणि रस्त्यावरच्या दुसऱ्याच्याही जिवावर बेतू शकतं. घड्याळ असलं तरी यात काही फरक पडत नाही.

भावाला कळवा, घाई नको. पाठवण्याआधी कंपनीला लेखी विचारायला सांगा: भारतातल्या नंबरांवर कॉल जातो का, दरमहा वर्गणी किती, आपल्याकडच्या फोनवर ॲप चालतं का, इंटरनेट गेलं तर काय होतं, बॅटरी किती टिकते, बिघडलं तर दुरुस्ती कुठे. यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर बाकीचे विचारायची गरज नाही.

तोवर या आठवड्यात न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्या. चिठ्ठी, जुना ईईजी आणि कपाचा व्हिडिओ सोबत असू द्या. आत गेल्यावर आधी मुलाला बोलू द्या, राहिलेलं तुम्ही सांगा. हॉस्टेलला जायच्या किमान महिनाभर आधी औषधाचा हा निर्णय झालेला हवा. गोळी बदलली, तर पहिले काही आठवडे तो घरी असलेला बरा.